‘झालं का?’ विचारणाऱ्या सॉफ्टवेअरची निवड

कोणते काम कोणी आणि कधीपर्यंत करायचे याची नोंद ठेवणे, आणि ते होईपर्यंत ‘झालं का?’ असे विचारत राहणे, या दोन क्रियांना मिळून प्रकल्प व्यवस्थापन म्हणतात. आणि या दोन्ही क्रिया माणसाऐवजी संगणकाकडून करवून घेण्यासाठी दरमहा जे भाडे भरावे लागते, त्याच्या बदल्यात मिळणाऱ्या वस्तूला प्रकल्प व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर असे नाव आहे. ही व्याख्या विक्रेत्यांना मान्य होण्यासारखी नाही, कारण त्यांच्या माहितीपत्रकांत सहकार्य, पारदर्शकता आणि सर्वांगीण प्रगती यांचा उल्लेख इतक्या वेळा येतो की वाचणाऱ्याला आपण एखाद्या साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल उघडला की काय, अशी शंका यावी. सोलापूरपुरते बोलायचे तर या दोहोंपैकी विचारत राहण्याची क्रिया तेथे मुळीच नवीन नाही. १८७७ साली उभ्या राहिलेल्या आणि शहरात ‘जुनी गिरणी’ याच नावाने ओळखल्या गेलेल्या गिरणीच्या काळापासून भोंगा, जॉबर आणि मुकादम अशी विचारणाऱ्यांची उतरंड या शहराने अनुभवली आहे. पुढे गिरण्या बंद पडल्या, माग पूर्व भागातल्या गल्ल्यांत शिरले, चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी विचारणाऱ्या माणसाची जागा काही रिकामी झाली नाही. जानेवारी २०१६ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या २० स्मार्ट शहरांच्या यादीत सोलापूरचे नाव आले आणि शहराबरोबर शहरातल्या कारखान्यांनीही स्मार्ट व्हावे अशी अपेक्षा निर्माण झाली, निदान सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या मनात तरी.

येथे उत्पादन आणि प्रकल्प यांतला भेद आधी स्पष्ट केला पाहिजे. तीच चादर त्याच मापात रोज विणणे हे उत्पादन होय, तर ज्याला सुरुवात असते, शेवट असतो आणि या दोहोंच्या मध्ये मत बदलणारे गिऱ्हाईक असते, तो प्रकल्प होय. या कसोटीवर सोलापुरातला खरा प्रकल्प-व्यवसाय हा चादरीचा नसून गणवेशाचा आहे, ज्यात या शहराने असा जम बसवला आहे की २०१७ साली तेथे गणवेशांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. एखाद्या शाळेचा गणवेश म्हणजे निळी पँट आणि पांढरा शर्ट, अशी ज्याची समजूत आहे त्याने त्या शाळेचा ऑर्डरचा कागद पाहिलेला नसतो. त्यात पहिलीपासून दहावीपर्यंतच्या मापांचे संच असतात, मुलींसाठी चौथीपर्यंत पिनाफोर आणि पाचवीपासून सलवार-कुर्ता असतो, शनिवारचा पांढरा पोशाख वेगळा असतो, चार ‘हाऊस’चे चार रंगांचे टी-शर्ट असतात, खिशावर शाळेचे बोधचिन्ह असते, आणि संस्थेच्या अध्यक्षांनी ऐन वेळी सुचवलेली, खिशाच्या कडेला लावायची एक बारीक पट्टी असते, जिचा रंग मे महिना उलटला तरी ठरत नाही. या सर्वांसाठी भिवंडीहून किंवा भीलवाड्याहून ताके मागवायचे, टेबलावर थर लावून ते कापायचे, मापांचे बंडल बांधायचे, काही बंडल कारखान्यातल्या मशिनवर आणि बाकीचे घरोघरच्या बायकांकडे जॉबवर्कला द्यायचे, परत आलेल्या मालाला ओव्हरलॉक आणि काज-बटण करून, लोंबते धागे कापून, इस्त्री करून, पिशवीत घालून तो ट्रान्सपोर्टला टाकायचा, आणि हे सगळे जूनच्या मध्यापूर्वी संपवायचे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे थोड्या उशिरा उघडतात, ही या व्यवसायाला निसर्गाने दिलेली एकमेव मुदतवाढ होय. शासनाने तर २०२४-२५ या वर्षासाठी सरकारी शाळांना ‘एक राज्य, एक गणवेश’ हे धोरण लावले आणि ते शैक्षणिक वर्ष संपायच्या आतच, डिसेंबरमध्ये, गणवेशाचा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना देण्याचा निर्णय घेतला. व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांत अशा घटनेला व्याप्ती-बदल म्हणतात आणि तो नोंदवण्यासाठी एक नमुना-अर्ज दिलेला असतो. तो अर्ज शासनाकडून भरून कसा घ्यायचा, याची माहिती मात्र त्या ग्रंथांत आढळत नाही.

असा एखादा जून अंगावर येऊन गेला, म्हणजे पँटी एका गावाला आणि त्यांचे शर्ट दुसऱ्या गावाला गेले, की जुलैच्या पहिल्या आठवड्यात कारखानदाराच्या घरी सॉफ्टवेअरचा विषय निघतो. वास्तविक त्या क्षणी कारखान्यात एक सॉफ्टवेअर चालूच असते, ते म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप. या ग्रुपवर एकाच सकाळी कापडाच्या नमुन्याचा फोटो, सिद्धेश्वर मंदिराच्या छायाचित्रावर लिहिलेले शुभ सकाळ, कोणत्या शाळेची हे न सांगता टाकलेली मापांची यादी, तेलुगूतला अडीच मिनिटांचा आवाजी संदेश आणि ‘अर्जंट’ एवढ्या एकाच शब्दाचा एक संदेश येतो, ज्याच्या मागेपुढे काय अर्जंट आहे याचा कोठेही उलगडा नसतो. या सर्वांना उत्तर म्हणून अंगठ्याचे चित्र येते. या अंगठ्याचे ‘पाहिले’, ‘समजले’, ‘करतो’, ‘केले’ आणि ‘आता पुन्हा विचारू नका’ असे निदान पाच अर्थ प्रचलित आहेत. कटिंग मास्तर तो पहिल्या अर्थाने पाठवतात, मालक तो चौथ्या अर्थाने वाचतात, आणि संपूर्ण जून महिना या दोन अर्थांच्या मध्ये सापडून भरडला जातो. नवे सॉफ्टवेअर हवे आहे याचा अर्थ तेथे खरे तर एवढाच असतो, की अंगठ्याचा अर्थ एकदाचा कोणीतरी ठरवून द्यावा.

निवडीसाठी समिती नेमली जात नाही, ती रात्रीच्या जेवणाला आपोआप जमते. तिच्यात मालक असतात, पुण्याहून व्यवस्थापन शिकून परतलेला मुलगा असतो, हिशेब सांभाळणारे दिवाणजी असतात आणि हिंजवडीत नोकरीला असल्यामुळे संगणकाच्या, प्रिंटरच्या व क्वचित फ्रिजच्याही बाबतीत अंतिम मत देणारा जावई असतो. यांत दिवाणजींची भूमिका सर्वांत सुसंगत म्हणावी लागेल, कारण ती एकाच प्रश्नात मावते : ‘हे टॅलीत होत नाही का?’ १९८६ पासून भारतीय व्यापाऱ्याच्या वह्या पोटात घेत आलेल्या या हिशेबाच्या सॉफ्टवेअरने १ जुलै २०१७ रोजी आलेला जीएसटीही पचवला, तेव्हा चार पँटींचा माग ठेवणे त्याला जड का जावे, हे त्यांना कोणीही पटवू शकलेले नाही. जावयाचे मत याच्या अगदी उलट दिशेचे असते. त्याच्या कचेरीत २००२ साली आलेले जिरा नावाचे सॉफ्टवेअर वापरतात, जे मुळात संगणकाच्या प्रोग्रॅममधल्या चुकांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाले. आणि त्याच्याबरोबर अ‍ॅजाईल नावाची एक कार्यपद्धती येते, जिचा जाहीरनामा २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटाह राज्यातील एका बर्फाळ पर्यटनस्थळी जमलेल्या १७ तज्ज्ञांनी सिद्ध केला. या पद्धतीच्या प्रचलित रूपात काम साधारणपणे दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत करायचे असते आणि रोज सकाळी सर्वांनी उभ्याने एक छोटी सभा घ्यायची असते. उभ्याने अशासाठी, की बसलेली माणसे लांबण लावतात. ही सुधारणा कटिंग मास्तरांना समजावून सांगण्यात आली तर ते आदराने ऐकून घेतात, कारण तीस वर्षे ज्या टेबलाशी ते उभे आहेत तेथे बसायला खुर्ची आहे, असे त्यांच्या अजून ऐकिवात नाही.

मुलाचा ओढा रंगीत पाटीकडे असतो. ही पाटी म्हणजे पडद्यावरचे तीन उभे रकाने, ‘करायचे’, ‘चालू’ आणि ‘झाले’. प्रत्येक काम एका कार्डावर लिहून ते कार्ड डावीकडून उजवीकडे सरकवत न्यायचे. मूळ कल्पना जपानमधल्या टोयोटा कारखान्याची, जेथे ताइची ओनो या अभियंत्याने पुढच्या टप्प्याला माल लागेल तेव्हाच मागच्या टप्प्याने तो करावा, यासाठी कार्डांची पद्धत बसवली. २०११ साली ट्रेलो या सॉफ्टवेअरने ती घरोघरच्या पडद्यावर आणली. कार्डांच्या बाबतीत सोलापूरला हिणवण्याचे कारण नाही, कारण जेकार्ड जोडलेल्या मागावर भोके पाडलेली पुठ्ठ्याची कार्डे घालून नक्षी उठवण्याची जी युक्ती फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास निघाली आणि जिच्यावरून पुढे बॅबेजला आपल्या गणनयंत्रासाठी कार्डे सुचली, तिच्यावर या शहराने कितीतरी चादरी विणल्या आहेत. पडद्यावरच्या पाटीची अडचण वेगळीच निघते. नव्या वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिल्याशिवाय व्यवहार सुरू करू नये हा मालकांचा नेम असल्याने पहिले कार्ड ‘श्री’चे तयार होते, ते ‘करायचे’ या रकान्यात पडते, त्याला मुदत नसते आणि जबाबदार व्यक्ती म्हणून अर्थातच कोणाचे नाव नसते. त्यानंतर दर सोमवारी सकाळी प्रणाली मालकांना नम्रपणे कळवते की ‘श्री’ हे काम अद्याप सुरू झालेले नाही. ते उजवीकडे ‘झाले’मध्ये सरकवावे की नाही यावर जितकी चर्चा होते तितकी कापडाच्या दरावरही होत नाही, आणि यात आश्चर्य मानू नये, अणुभट्टीचा खर्च अडीच मिनिटांत मंजूर करून सायकलींच्या छपरावर पाऊण तास वाद घालणाऱ्या समितीचे वर्णन पार्किन्सन या इंग्रज लेखकाने १९५७ मध्येच करून ठेवले आहे.

निर्णय शास्त्रशुद्ध व्हावा म्हणून मुलगा एक्सेलमध्ये तुलनेचा तक्ता तयार करतो. त्यात आसना, ट्रेलो, जिरा, झोहो प्रोजेक्ट्स, मंडे अशी नावे उभी आणि गुण आडवे मांडलेले असतात, कोणी कोणती माहिती कधीपर्यंत मिळवायची हे लिहिलेले असते, मिळालेल्याला हिरवा आणि राहिलेल्याला लाल रंग असतो, आणि रोज संध्याकाळी तो काटेकोरपणे भरला जातो. या कारखान्याच्या इतिहासात इतके चोख चाललेले दुसरे काम सापडत नाही. प्रकल्प व्यवस्थापनासाठी लागणारे जवळजवळ सर्व काही त्या फुकटच्या तक्त्यात हजर आहे, ही गोष्ट समितीतल्या एकाही सदस्याच्या ध्यानात न येणे हे निवडप्रक्रियेचे सर्वांत मोठे यश मानले पाहिजे, नाहीतर ती प्रक्रिया तेथेच संपली असती.

किमतीचा विषय निघाला की चर्चेला खरा रंग चढतो. ही सॉफ्टवेअरे विकत मिळत नाहीत, भाड्याने मिळतात, आणि भाडे बहुधा माणशी व महिन्याला असते. काहींचे डॉलरमध्ये असते आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असतो. माणशी म्हणजे नेमके कोणामागे, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. बारा मशिनवाले, दोन मास्तर, एक सुपरवायझर, इस्त्रीवाला, पॅकिंगची पोरे आणि घरी शिलाई करणाऱ्या चाळीस बायका यांना माणसे धरले तर भाडे कापडाच्या वर जाते, म्हणून ‘ऑफिस’ या नावाच्या एकाच माणसाची नोंदणी करून त्याचा पासवर्ड भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीने लिहून ठेवण्याचा मध्यममार्ग निघतो. यामुळे पुढे कोणी काय केले हे पाहू गेल्यास सर्व कामे ‘ऑफिस’ने केली आणि सर्व चुकाही ‘ऑफिस’ने केल्या, असे दिसते, जबाबदारीचे इतके समान वाटप समाजवाद्यांनाही साधलेले नाही. मालकांची खरी खंत मात्र रकमेबद्दल नसते. संकेतस्थळावर भाव लिहिलेला असतो, खाली ‘घ्या’ असे बटण असते, आणि या दोहोंच्या मध्ये भाव करायला कोणी माणूस नसतो. चहा न मागवता, ‘परवडत नाही’ म्हणून दोनदा न उठता, ‘तुमचं-आमचं काय’ असे एकदाही न म्हणता झालेली खरेदी ही त्यांच्या दृष्टीने खरेदी नसून दंड असतो.

म्हणून विक्रेत्याच्या जिवंत प्रतिनिधीकडून प्रात्यक्षिक मागवले जाते, ज्याला डेमो म्हणतात. डेमोतल्या काल्पनिक कंपनीत सर्व कामे वेळेवर होतात, कोणाच्या घरी लग्न नसते आणि उशीर झालाच तर तो एक दिवसाचा असतो. प्रतिनिधी मोठ्या उत्साहाने एक तक्ता उलगडून दाखवतो, ज्यात प्रत्येक काम एका आडव्या पट्टीने दाखवलेले असते, पट्टीची लांबी म्हणजे कालावधी, आणि एक संपल्यावरच दुसरे सुरू होणार असेल तर दोहोंना जोडणारा बाण. हा गॅन्ट तक्ता होय. हेन्री गॅन्ट या अमेरिकन अभियंत्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो रूढ केला, जरी कॅरोल आदामिएत्स्की या पोलिश गृहस्थाने १८९६ मध्येच तसा तक्ता काढला होता, पण लिहिले पोलिश आणि रशियन भाषांत, त्यामुळे नाव दुसऱ्याचे झाले. तक्त्यातली सर्वांत लांब साखळी, जिच्यातले एक काम एक दिवस लांबले की संपूर्ण प्रकल्प एक दिवस लांबतो, तिला निर्णायक मार्ग म्हणतात आणि ती शोधण्याची रीत १९५७ च्या सुमारास ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीच्या कामातून निघाली. गणवेशाच्या धंद्यातला निर्णायक मार्ग कापणीतून जात नाही आणि शिलाईतूनही जात नाही. तो खिशाच्या कडेच्या त्या पट्टीतून जातो. ‘पट्टीच्या रंगाला अध्यक्षांची मंजुरी’ या पट्टीची लांबी किती धरावी, असे मालक विचारतात, तेव्हा डेमो देणाऱ्याचा आवाज काही क्षण तुटतो आणि दोष नेटवर्कला दिला जातो.

दिनदर्शिकेचा प्रश्न यापेक्षा नाजूक आहे. बहुतेक प्रणाली शनिवार-रविवार सुट्टी आणि बाकीचे दिवस सारखे, असे गृहीत धरून चालतात. सोलापूरचे दिवस असे सारखे नसतात. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, सात नंदीध्वज निघतात आणि तेवढे दिवस शहराला दुसरे काम सुचत नाही. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांचा रथ निघाला की पूर्व भागातली मशिने गप्प होतात. रमजान महिन्यात कामाच्या वेळा सरकतात. लग्नसराई नेमकी एप्रिल-मेमध्ये, म्हणजे शिलाईच्या ऐन भरात येते. आणि नळाला पाणी कितव्या दिवशी, कोणत्या वेळेला येणार यावर घरी शिलाई करणाऱ्या बाईची संपूर्ण सकाळ ठरते, कारण त्या सकाळी ती मशिनवर नसून हंड्यांजवळ असते. ‘पाण्याचा दिवस’ असे खाते कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही, आणि सॅन फ्रान्सिस्कोत बसून ते कोणाला सुचावे अशी अपेक्षाही गैर आहे. सुपरवायझर अक्कांच्या डोक्यात मात्र ते गल्लीवार आहे, कोणत्या पेठेत आज पाणी आहे हे पाहूनच त्या बंडल वाटतात. त्या ‘झालं का?’ ही विचारपूस एकीला मराठीत, दुसरीला तेलुगूत ‘अयिंदा?’ म्हणून, तिसरीला कन्नडमध्ये ‘आयता?’ म्हणून आणि चौथीला दख्खनीत करतात, आणि चौघींकडून येणाऱ्या ‘झालंच की’ या आशयाच्या उत्तरातला स्वर ऐकून काज-बटणाचा माणूस आज बोलवायचा की परवा, हे ठरवतात. निवडीच्या एकाही बैठकीला या अक्कांना बोलावलेले नसते.

या सगळ्या अडचणी तशा किरकोळ आहेत. मुख्य अडचण तारखेची आहे. अमेरिकेच्या नौदलाने १९५८ मध्ये पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट नावाची पद्धत काढली, तिच्यात प्रत्येक कामासाठी एक नव्हे तर तीन अंदाज मागितले जात : सगळे सुरळीत झाले तर किती दिवस, बहुधा किती, आणि सगळेच बिनसले तर किती. मधल्या अंदाजाला चौपट वजन देऊन, तो दोन टोकांत मिळवून सहाने भागायचे, अशी ती रीत. सोलापूरचा कारखानदारही प्रत्येक ऑर्डरला तीन तारखा ठेवतो, फक्त त्यांचा भागाकार करत नाही. शाळेला सांगायची तारीख पाच जून असते, मास्तरांना सांगायची पंचवीस मे असते, आणि मालकांच्या मनातली, कोठेही न लिहिलेली तारीख बारा जून असते. शाळेलाही हे ठाऊक असते, म्हणून ती शाळा चौदाला उघडत असताना पाचचा आग्रह धरते. मास्तरांनाही ठाऊक असते, म्हणून पंचवीस मे ऐकल्यावर ते ‘होतंय बगा मालक’ म्हणून पुतण्याच्या लग्नाला अक्कलकोटला जातात. सर्वजण एकमेकांना खोटी तारीख सांगतात, सर्वांना खरी तारीख कळलेली असते, आणि माल बहुतेक वेळा बाराला निघतो. या व्यवस्थेला लबाडी म्हणणे अन्यायाचे होईल. नौदलाने जे गणित कागदावर केले तेच येथे माणसांत वाटून घेतलेले आहे.

सॉफ्टवेअरमध्ये मात्र ‘मुदत’ या शीर्षकाखाली एकच रिकामा चौकोन असतो. त्यात पाच जून लिहावी तर मास्तर निवांत होतात, पंचवीस मे लिहावी तर सव्वीसपासून सगळा पडदा लाल होतो आणि लाल रंगाची भीती तीन दिवसांत मरते, आणि बारा जून लिहावी तर एखाद्या शाळेच्या लिपिकाला चुकून पाहण्याची परवानगी गेल्यावर आगाऊ रक्कम अडकते. कोणाला काय दिसावे हे ठरवण्याची सोय प्रणालीत असते खरी, पण मास्तरांपासून शाळेची, शाळेपासून मास्तरांची आणि दिवाणजींपासून दोघांची तारीख लपवण्यासाठी जी रचना करावी लागते ती पाहता, पारदर्शकतेसाठी घेतलेल्या वस्तूचा निम्मा वेळ पडदे लावण्यात जातो असे आढळते. खरी तारीख लिहून ठेवण्याची सवय या धंद्यात फक्त एकाच बाबतीत आहे, ती म्हणजे येणे बाकी. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असे २००६ चा कायदा म्हणतो, आणि तो पंचेचाळिसावा दिवस कोणता, हे दिवाणजी झोपेतही अचूक सांगतात.

सरतेशेवटी एक सॉफ्टवेअर घेतले जाते. ते तुलनेच्या तक्त्यात पहिले आलेले नसते. जावयाच्या मित्राने आपल्या कंपनीत घेतलेले असते. पहिला आठवडा सर्वजण फोनवर कार्डे सरकवतात, दुसऱ्या आठवड्यात अंगठ्याकडे परततात, आणि तिसऱ्या आठवड्यापासून जी पद्धत स्थिरावते ती जवळजवळ सर्वत्र सारखीच असते : रात्री नऊ वाजता मुलगा अक्कांना फोन करतो, अक्का वहीतून शाळांची नावे आणि बंडलांचे आकडे वाचून दाखवतात, आणि मुलगा ते प्रणालीत भरतो. म्हणजे कामावर देखरेख अक्का करतात आणि अक्कांची वही स्वच्छ अक्षरात उतरवून घेण्याचे काम अमेरिकन सर्व्हर करतो. या व्यवस्थेची टवाळी करणे सोपे आहे, तरी हंगाम संपेपर्यंत त्यातून एक उपयुक्त गोष्ट निष्पन्न होते, कारण अक्कांची वही दिवस लिहिते पण बेरीज करत नाही, आणि प्रणाली बेरीज करते. जूनच्या अखेरीस मुलगा ‘कोणाकडे किती कामे किती दिवस अडकली’ असा अहवाल काढतो. दिवाणजींच्या मते त्यात मास्तरांचे नाव वर यायला हवे, मास्तरांच्या मते काज-बटणवाल्याचे, आणि काज-बटणवाल्याच्या मते भीलवाड्याच्या व्यापाऱ्याचे. अहवालात सर्वांत वरचे नाव मालकांचे निघते. नमुना पाहून होकार देणे, कापडाची आगाऊ रक्कम सोडणे, भरतकामाचा दर पक्का करणे आणि त्या पट्टीसाठी अध्यक्षांना फोन करणे ही सगळी कार्डे ‘मालक, मंजुरी’ या नावाखाली आठवडे-आठवडे बसून होती आणि बाकीचा कारखाना त्यांच्या मागे रांगेत उभा होता. पुढे अध्यक्षांचे नाव दुसऱ्या क्रमांकावर आहे, एवढाच काय तो दिलासा.

हा अहवाल छापून झाल्यानंतर सॉफ्टवेअर सोलापूरच्या हवामानाला मानवत नाही, असे मालकांचे मत बनते. वर्षाचे भाडे आधीच भरलेले असल्याने ते लगेच बंद करता येत नाही, आणि अशा वेळी प्रणाली आपण होऊन एक प्रश्न पडद्यावर आणते : ही प्रणाली व्यवसायातल्या एखाद्या मित्राला सुचवण्याची शक्यता शून्य ते दहा यांपैकी किती? गिऱ्हाइकाचे समाधान या एकाच प्रश्नावरून मोजण्याची पद्धत फ्रेड राइकहेल्ड या अमेरिकन सल्लागाराने २००३ मध्ये मांडली, आणि नऊ किंवा दहा गुण देणारा तो त्या वस्तूचा निष्ठावान प्रचारक, असे तिच्यात धरले जाते. मालक विचार करून दहावर बोट ठेवतात, आणि त्याच दुपारी समोरच्या गाळ्यातल्या, त्याच शाळांना पीसमागे पाच रुपये कमी लावणाऱ्या कारखानदाराला फोन लावून सांगतात की वस्तू एक नंबर आहे, कोणाचं काम कुठं अडकलंय ते सगळ्या स्टाफला दिसतंय, तुम्ही या सीझनला घ्याच.